आपल्यासमोरचा समुद्र किती तापला, हे स्वतः कसं तपासायचं

मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. दर उन्हाळ्यात 'अरबी समुद्र तापला' अशी बातमी येते आणि वर्गात विचारणा सुरू होते: किती तापला? कशावरून? आपल्या इथलाही तापला का? या प्रश्नांचं तयार उत्तर मी देत नाही. मुलांना कामाला लावते. तीच पद्धत इथे सविस्तर लिहिते आहे, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ती जमण्यासारखी आहे. एक बरा थर्मामीटर, दोरी बांधलेली बादली, इंटरनेट आणि एक्सेलसारखं स्प्रेडशीट एवढ्यावर काम भागतं. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी काही अडत नाही.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. समुद्राच्या तापमानाचा कुठलाही आकडा समोर आला की पाच गोष्टी विचारायच्या: कुठलं पाणी, किती खोलीवरचं, कधीचं, कशानं मोजलेलं आणि कशाच्या तुलनेत. यातलं एक जरी उत्तर मिळालं नाही, तर तो आकडा बाजूला ठेवायचा. पुढचं सगळं काम म्हणजे याच पाच प्रश्नांची उजळणी आहे.

बादलीपासून सुरुवात

आकडे उतरवून घेण्याआधी एकदा तरी स्वतःच्या हातानं पाणी मोजा. मुलांना थेट संगणकासमोर बसवलं तर त्यांना तो आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तो कुणीतरी भिजून, वाकून, डोळे बारीक करून घेतलेला असतो हे हाताला कळायला हवं.

प्रयोगशाळेतला एकेक अंशाच्या रेघांचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. निदान दशांश अंश दाखवणारा घ्या. डिजिटल असेल तर तो आधी तपासा: बर्फाचा चुरा करायचा, त्यात बर्फ जेमतेम बुडेल एवढंच स्वच्छ पाणी घालायचं, नीट ढवळायचं आणि थर्मामीटर पाच मिनिटं त्यात ठेवायचा. शून्य यायला पाहिजे. ०.३ आलं तर तेवढी वजाबाकी प्रत्येक नोंदीतून करायची आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं.

आम्ही मांडवीच्या जेटीवर जातो. तिथे एक अडचण आहे. शेजारीच भाट्याच्या खाडीचं तोंड आहे. ओहोटीला खाडीतलं पाणी बाहेर येतं आणि त्याचं तापमान वेगळं असतं. म्हणून पूर्ण भरतीलाच मोजायचं. भरतीची वेळ काढायला कोकणात सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अमावस्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. आम्ही मुद्दाम नवमी-दशमी धरतो. भरती सकाळी लवकर येते, भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस असल्यामुळे पाण्याला ओढ कमी असते आणि ऊन अजून चढलेलं नसतं. ऊन महत्त्वाचं आहे. वारा पडलेला असेल आणि दुपारचं ऊन असेल तर वरचा पातळ थर एखाद्या अंशानं सहज तापतो. एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी दोनला मोजलंत तर समुद्र बदलला की घड्याळ, हे कळणार नाही.

बादली आधी त्याच पाण्यानं विसळा. उन्हात तापलेली कोरडी बादली पाण्याला ऊब देते. मग पुन्हा भरून वर ओढा, सावलीत ठेवा, फुगा पाण्यात बुडालेला असतानाच, डोळा रेघेच्या समोर आणून वाचा. थर्मामीटर बाहेर काढून वाचायचा नाही. सगळं मिनिटभरात व्हायला हवं.

आता एक छोटा प्रयोग करा, तो फार काही शिकवून जातो. त्याच बादलीतलं तापमान लगेच, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी घ्या. फेब्रुवारीच्या सकाळी वारा कोरडा असतो. अशा वेळी आमच्या बादलीतलं पाणी दहा मिनिटांत जवळजवळ अर्ध्या अंशानं उतरतं. समुद्र तोच, बादली तीच, फक्त बाष्पीभवन झालं. मुलं आकडा खाली जाताना बघतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुढचा प्रश्न उमटलेला असतो: मग शंभर वर्षांपूर्वी जहाजांवर जे मोजलं, त्याचं काय?

जुन्या नोंदी आणि त्यांची दुरुस्ती

हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

एकोणिसाव्या शतकात जहाजावरून लाकडी बादली सोडून पाणी घेत. पुढे कॅनव्हासच्या बादल्या आल्या. कॅनव्हास पाझरतो, वारा लागतो, पाणी गार होतं, म्हणजे मडक्यात होतं तेच. त्यामुळे त्या काळातल्या कित्येक नोंदी खऱ्या तापमानापेक्षा थोड्या कमी आहेत. नंतर वाफेची आणि डिझेलची मोठी जहाजं आली. इंजिन थंड करायला आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचं तापमान इंजिनरूममध्येच मोजलं जाऊ लागलं. तिथे उलटं होतं. आजूबाजूच्या उष्णतेनं आकडा किंचित जास्त येतो. माझे वडील मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला होते. प्रत्येक वॉचला, म्हणजे पाळीला, लॉगबुकात समुद्राच्या पाण्याचं तापमान लिहायचंच, असं ते सांगत. त्यांच्या दृष्टीनं ती इंजिनाची काळजी होती. अशाच नोंदी हवामानखात्यांकडे गेल्या आणि त्यातून पृथ्वीच्या तापमानाचा इतिहास उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात गंमतीची नव्हे, तर फार गुंतागुंतीची स्थिती झाली. शत्रूला दिसू नये म्हणून रात्री डेकवर दिवा लावायचा नाही, मग बादलीतला थर्मामीटर वाचणार कसा? इंजिनरूममधल्या नोंदी वाढल्या. त्या वर्षांतल्या बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि ती जहाजं इंजिनाच्या पाण्यावर मोजत. १९४५ मध्ये युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजं आपल्या बादल्या घेऊन परत आली आणि जगाच्या समुद्राचं सरासरी तापमान नोंदींमध्ये एकदम घसरलेलं दिसलं. समुद्र गार झाला नव्हता. मोजणारे हात बदलले होते. २००८ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या एका संशोधनानं हे स्पष्टपणे मांडलं.

'शास्त्रज्ञ आकडे बदलतात' असं कुणी सांगितलं तर त्यांना हा भाग जरूर समजावून सांगा. आकडे दुरुस्त केले जातात, हे खरं आहे. पण त्या दुरुस्तीची दिशा पाहा. बादलीमुळे कमी आलेले जुने आकडे वर उचलले जातात, म्हणजे जुना समुद्र होता त्यापेक्षा थोडा उबदार धरला जातो. त्यामुळे शतकभरातली एकूण वाढ कमी दिसते, जास्त नव्हे. अलीकडच्या काळातलं उदाहरणही आहे. तापमान मोजणारे तरंगते बोये जहाजांपेक्षा सरासरी ०.१२ अंशानं कमी दाखवतात. बोये वाढत गेले तसा हा फरक लक्षात घेतला नसता तर तापमानवाढ खोटी मंदावलेली दिसली असती. २०१७ मध्ये काही संशोधकांनी फक्त बोये, फक्त उपग्रह आणि फक्त आर्गो (समुद्रात बुडून वर येणारी मोजयंत्रं, त्यांच्याबद्दल पुढे) अशा वेगवेगळ्या नोंदींवरून हिशेब पुन्हा केला. दुरुस्त केलेल्या मालिकेशी तो जुळला.

आपल्या बाजूच्या समुद्राची एक जमेची बाजू आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई-एडन हा रस्ता जहाजांनी गजबजला. त्यामुळे अरबी समुद्राच्या त्या पट्ट्यात जुन्या नोंदी बऱ्यापैकी दाट आहेत. दक्षिण हिंदी महासागरात तशा नाहीत.

आपला चौकोन निवडणं

आता संगणकाकडे. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेची 'ओआयएसएसटी' नावाची मालिका घ्या, आवृत्ती २.१. उपग्रह, जहाजं, बोये आणि आर्गो यांच्या नोंदी एकत्र करून रोजचं पृष्ठभागाचं तापमान त्यात दिलेलं असतं. १ सप्टेंबर १९८१ पासूनची मालिका फुकट मिळते. जगाचा समुद्र पाव अंशाच्या चौकोनांत वाटलेला आहे, म्हणजे आपल्या इथे एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा.

किनाऱ्याला अगदी चिकटलेला चौकोन घेऊ नका, त्यात जमिनीचा भाग मिसळतो. रत्नागिरीसाठी मी १६.८७५ उत्तर अक्षांश आणि ७२.८७५ पूर्व रेखांश घेते. हे आकडे विचित्र वाटतील, पण चौकोनाचा मध्य तिथे पडतो. अलिबागवाल्यांनी, मालवणवाल्यांनी आपापला चौकोन शोधावा. नोआच्या 'इर्डॅप' या सेवेत अक्षांश, रेखांश आणि तारखा भरल्या की 'सीएसव्ही' फाइल उतरवता येते. १९८२ पासून घेतलंत तर पंधरा हजारांवर ओळी येतील. घाबरू नका, स्प्रेडशीटला ते काहीच नाही. फोनवर मात्र हे करत बसू नका.

पहिलं काम: तारखेतून वर्ष आणि महिना वेगळे करा आणि पिव्होट टेबल (गटवार सरासरी काढून देणारी स्प्रेडशीटची सोय) वापरून प्रत्येक महिन्याची सरासरी काढा. उभ्या बाजूला वर्षं, आडव्या बाजूला बारा महिने. हा तक्ता छापून भिंतीला लावावा इतका बोलका असतो.

तो नुसता डोळ्यांखालून घाला. आपल्या समुद्राचं वर्ष जगातल्या बहुतेक समुद्रांसारखं नसतं, इथे दोनदा तापतं. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी वर्षातलं सर्वांत गार असतं. मार्चपासून चढतं, एप्रिल-मेमध्ये तीसच्या घरात जातं. मग मोसमी वारे सुटतात. जोरदार वारा पाणी घुसळतो, खालचं गार पाणी वर येतं, ढग ऊन अडवतात, आणि ऐन जून ते सप्टेंबरमध्ये तापमान उतरतं. पाऊस सरला की ऑक्टोबरात पुन्हा थोडं चढतं. जमिनीवर आपण ज्याला ऑक्टोबर हीट म्हणतो त्याच सुमारास समुद्राचाही दुसरा चढ असतो. हा आलेख मुलांनी स्वतः काढला की ती एक गोष्ट कधीच विसरत नाहीत: मे महिन्यातला ३० आणि ऑगस्टमधला ३० यांचा अर्थ एक नाही. मेमध्ये तो रोजचा आहे, ऑगस्टमध्ये तो बातमी आहे.

म्हणूनच नुसतं तापमान न पाहता सरासरीपासूनचा फरक पाहायचा. १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या सगळ्या जानेवारींची सरासरी काढा, सगळ्या फेब्रुवारींची काढा, असं बारा महिन्यांचं करा. मग प्रत्येक महिन्याच्या आकड्यातून त्याच महिन्याची सरासरी वजा करा. हाती येईल तो फरक. ऋतूंची चढउतार निघून गेली, उरला तो बदल. बातमीत 'सरासरीपेक्षा एक अंश जास्त' असं असतं तेव्हा कुठल्या तीस वर्षांची सरासरी, हे बघा. १९७१ ते २००० धरली तर फरक मोठा दिसेल, १९९१ ते २०२० धरली तर लहान. समुद्र तोच असतो.

आता कल. फरकांचा स्तंभ आणि वर्षांचा स्तंभ देऊन स्प्रेडशीटचं 'स्लोप' हे सूत्र चालवा. येणाऱ्या आकड्याला दहानं गुणलं की दर दशकाला किती अंश ते मिळतं. ताडून पाहायला एक आकडा देते: भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचं पृष्ठभाग-तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी १ अंशानं वाढलं, जगाच्या समुद्राची त्याच काळातली वाढ ०.७ अंश. म्हणजे आपल्याकडे दशकाला साधारण ०.१५. तुमचं उत्तर १.५ आलं तर दशांशचिन्ह तपासा. ते थोडं वेगळं आलं तर ठीक आहे, तुमचा चौकोन म्हणजे सगळा महासागर नाही.

इथे मुलं एक खेळ हमखास करून पाहतात आणि मी करू देते. कल १९९८ पासून काढा. मग १९९९ पासून काढा. उत्तर बदलतं. १९९७-९८ चा एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची घटना, फार मोठा होता, आणि एल निनोनंतर काही महिन्यांनी हिंदी महासागर सगळाच तापतो. १९९८, २०१०, २०१६, २०२४ ही वर्षं तुमच्या आलेखात उठून दिसतील. उंच वर्षापासून मोजायला सुरुवात केली की वाढ कमी दिसते, खालच्या वर्षापासून केली की जास्त. दहा-बारा वर्षांच्या तुकड्यावरून 'समुद्र तापायचा थांबला' किंवा 'दुप्पट वेगानं तापतोय' असं सांगणाऱ्यांकडे पूर्ण मालिका मागा. तीस वर्षांच्या खाली मी मुलांना कल काढू देत नाही.

पावसाळ्यातले आकडे थोडे जपून वापरा. अवरक्त किरणांवर चालणारे उपग्रह ढगांतून पाहू शकत नाहीत, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. सूक्ष्मलहरींवर चालणारे उपग्रह ढगांतून पाहतात, पण किनाऱ्याजवळ ते गोंधळतात. त्यामुळे त्या महिन्यांत चौकोनातला आकडा बराचसा आसपासच्या नोंदींवरून भरलेला असतो. तो टाकाऊ नाही, पण त्यावर दशांशाचा वाद घालू नये.

सागरी उष्णतेची लाट

बातम्यांत हा शब्द वाढला आहे, त्याची व्याख्या नेमकी आहे. २०१६ पासून बहुतेक संशोधक एकच कसोटी लावतात: त्या तारखेच्या नव्वदाव्या पर्सेंटाइलच्या वर तापमान सलग निदान पाच दिवस राहिलं पाहिजे. पर्सेंटाइल म्हणजे काय हे सीईटी दिलेल्या मुलांना सांगावं लागत नाही; इतरांसाठी, शंभरातल्या नव्वद नोंदी ज्याच्या खाली असतात तो आकडा म्हणजे नव्वदावं पर्सेंटाइल. तुमच्या तक्त्यात करायचं असेल तर, समजा १० मे ही तारीख घ्या. तीस वर्षांतले ५ मे ते १५ मे असे अकरा-अकरा दिवस गोळा करा, ३३० आकडे होतील. त्यांचं नव्वदावं पर्सेंटाइल काढा. त्याच्या वर सलग पाच दिवस गेले तर ती लाट. मध्ये दोन दिवसांपर्यंत खंड पडला तरी ती एकच धरतात.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये याच पद्धतीनं १९८२ ते २०१८ चा काळ तपासला. पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटा सापडल्या आणि दर दशकाला साधारण दीड लाटेची भर पडत होती. हे काम आपल्या राज्यात, पाषाणला बसून झालेलं आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

खालचं पाणी

इथपर्यंत आपण फक्त वरचं कातडं पाहिलं. उपग्रहाला तर मिलिमीटरभरसुद्धा खालचं दिसत नाही. पण उष्णता साठते ती खाली. मिरकरवाडा बंदरावरच्या एका तांडेलमामांना (तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख) मी मुलांपुढे बोलायला बोलावलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, मे महिन्यात वरच्या पाण्यात हात घातला तर कोमट लागतं, पण खोलातलं जाळं ओढलं की शिसं हाताला गार लागतं." त्या शिशाच्या गोळ्यांना जे कळतं ते मोजायला आर्गो आहे.

आर्गो म्हणजे माणसाच्या उंचीहून थोडी कमी अशी नळकांडी, वर अँटेना. १९९९ पासून ती समुद्रात सोडायला सुरुवात झाली, २००७ मध्ये ३००० चा टप्पा गाठला, आज जगभर चार हजारांच्या आसपास आहेत. हे यंत्र साधारण १००० मीटर खोलीवर नऊ-दहा दिवस वाहत राहतं, मग २००० मीटरपर्यंत बुडतं आणि तिथून वर येता येता तापमान आणि क्षारता मोजतं. वर आलं की उपग्रहाला निरोप देतं आणि पुन्हा बुडतं. पंखा नाही, वल्हं नाही. वर यायचं तर आतलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकलायचं: वजन तेवढंच, आकारमान वाढलं, आर्किमिडीजचं तत्त्व. अकरावीला उत्प्लावन शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हिंदी महासागरातल्या आर्गोच्या नोंदी सांभाळते. तिच्या संकेतस्थळावर नकाशा असतो, त्यावरचा ठिपका निवडला की त्या यंत्राचे आलेख दिसतात. रत्नागिरीच्या अगदी समोर ठिपका शोधू नका. इथे समुद्रबूड जमीन शंभर किलोमीटरच्या वर पसरलेली आहे, पाणी उथळ आहे, आर्गो तिथे चालत नाही. आणखी पश्चिमेला, खोल समुद्रात बघा.

आलेखात खोली वरून खाली जाते, तापमान डावीकडून उजवीकडे. एप्रिल-मेमधला एखादा आलेख घ्या. वरचे वीस-तीस मीटर रेघ जवळजवळ उभी, तीसच्या आसपास. तो वाऱ्यानं ढवळलेला थर. त्याखाली रेघ एकदम डावीकडे झुकते: २०० मीटरवर पंधरा-सोळा अंश. मग उतार मंदावतो, १००० मीटरवर आठ-नऊ, २००० मीटरवर तीनच्या जवळ. आता त्याच भागातला जानेवारीचा आलेख शेजारी ठेवा. वरचा थर गार झालेला आणि जाड झालेला दिसेल.

मग गणित करा. एक चौरस मीटर क्षेत्र, ५० मीटर खोल पाण्याचा स्तंभ. घनता १०२५, विशिष्ट उष्मा ढोबळ ४०००. एक अंश तापवायला लागणारी ऊर्जा सुमारे वीस कोटी ज्यूल, म्हणजे विजेची ५७ युनिटं. एका चौरस मीटरला! मुलांना घरचं वीजबिल आणायला सांगते आणि मग अरबी समुद्राचं क्षेत्रफळ शोधायला लावते. याच रीतीनं हवेचंही करा: एका चौरस मीटरवरच्या संपूर्ण वातावरणाला एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी समुद्राचे वरचे अडीच मीटर पाणी एका अंशासाठी घेतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की १९७१ ते २०१८ या काळात पृथ्वीवर साठलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी ९१ टक्के समुद्रात गेली, हवेत जेमतेम १ टक्का. हा आकडा पाठ करून उपयोग नाही. अडीच मीटरचं गणित स्वतः केलं की तो पटतो.

खोलीचा संबंध वादळांशीही आहे. चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांच्या वरचं पाणी लागतं, पण तो थर पातळ असेल तर वादळाचा वारा स्वतःच खालचं गार पाणी वर काढतो आणि वादळाची ताकद कमी होते. थर जाड असेल तर तसं होत नाही. हे तुमच्या फाइलमध्ये बघता येतं. मे २०२१ उघडा. तौक्ते वादळ १६ मेच्या सुमारास कोकणासमोरून वर सरकलं. ८ मे ते २५ मे रोजचे आकडे ओळीनं लावा आणि किनाऱ्याजवळचा एक, बाहेरच्या समुद्रातला एक असे दोन चौकोन शेजारी ठेवा. वादळाआधी किती होतं, गेल्यावर किती उतरलं, पुन्हा चढायला किती दिवस लागले ते मोजा. जून २०२० च्या निसर्गसाठीही हेच करा.

दोन आकडे, दोन्ही खरे

आता बातम्या वाचा. एकीकडे 'हिंदी महासागर १.२ अंशांनी तापला' असं सापडेल, दुसरीकडे '१ अंशानं'. मुलं विचारतात, खरं कुठलं? दोन्ही. १.२ हा आकडा २०१४ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी मांडला: फक्त पश्चिम हिंदी महासागर, फक्त जून ते सप्टेंबर हे मोसमाचे महिने, १९०१ ते २०१२. १ अंश हा वर सांगितलेल्या मंत्रालयाच्या अहवालातला: संपूर्ण उष्णकटिबंधीय हिंदी महासागर, वर्षभराची सरासरी, १९५१ ते २०१५. पाच प्रश्न विचारले की भांडण मिटतं.

'अरबी समुद्रातली वादळं ५२ टक्क्यांनी वाढली' हेही असंच. तो २०२१ च्या संशोधनातला, २००१ ते २०१९ या काळाबद्दलचा आहे, त्याच काळात बंगालच्या उपसागरात ८ टक्के घट आहे. तरीही संख्येनं उपसागरातली वादळं आजही जास्त असतात. अरबी समुद्रात मुळात वर्षाला एखाद-दुसरं वादळ, त्यामुळे टक्केवारी चटकन फुगते. म्हणून वाढ खोटी ठरत नाही. अतितीव्र वादळं वाढली आहेत, जास्त काळ टिकत आहेत, आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या बागायतदारांनी ते भोगलं आहे. फक्त टक्क्यासोबत मूळ संख्याही विचारा.

शेवटी नोंदवहीबद्दल. तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर अक्षांश-रेखांश, मालिकेचं नाव आणि आवृत्ती, फाइल उतरवल्याची तारीख आणि सरासरीसाठी धरलेली वर्षं लिहा. बादलीच्या वहीत तारीख, तिथी, वेळ, वारा, ढग, थर्मामीटरची दुरुस्ती आणि मोजणाऱ्याचं नाव. मूळ आकडा कधी खोडायचा नाही, दुरुस्त केलेला शेजारच्या रकान्यात लिहायचा. बादलीचा आकडा आणि चौकोनाचा आकडा जुळणार नाहीत, कारण एक जेटीजवळच्या पाण्याचा आहे आणि दुसरा चाळीसेक किलोमीटर बाहेरचा. दोघांमधला फरक महिन्यागणिक कसा बदलतो ते लिहीत राहा. आमच्याकडे दरवर्षी बारावीची मुलं परीक्षेआधी ही वही अकरावीच्या मुलांच्या हवाली करतात, आणि पुढच्या नवमीला जेटीवर कोण जाणार हे त्याच दिवशी ठरतं.